दोरवाल्या काकाजींची जागा

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहावं असं काही नाही, आणि लिहिणाऱ्यांच्या घरात मी वाढलोही नाही. आमच्याकडे छापलेला कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, विजेचं बिल आणि आलुबोंड्यांना गुंडाळून आलेलं तेलकट वर्तमानपत्र. मी वर्ध्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला लिहिता येत असेल असं घरच्यांना वाटतं. मला अर्ज लिहिता येतो. गल्लीतल्या पुष्कळ जणांचे अर्ज मी लिहिले आहेत. पण अर्जात काय मागायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथे मला काही मागायचं नाही, म्हणून पहिली ओळ सुचायलाच फार दिवस गेले.

माझी भाषाही धड नाही. घरी बोलतो ती वेगळी, कॉलेजात ऐकतो ती वेगळी. सांगताना पुस्तकातली वापरायची आणि माणसं बोलतील तिथे ती जशी बोलली तशीच ठेवायची, एवढं ठरवलं आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आणखी एक. माझ्या आईला वाचता येत नाही. ती हे वाचणार नाही, या भरवशावरच मी लिहितो आहे. तिला वाचता आलं असतं तर मी दुसऱ्या कशाबद्दल तरी लिहिलं असतं.

आमचं गाव वर्धा-नागपूर रेल्वेलाइनवर आहे. स्टेशनच्या एका अंगाला कापसाचं मार्केट आणि जिनिंगचे शेड, दुसऱ्या अंगाला आठवडी बाजाराचं मैदान. आमचं घर दोन्हींच्या मधे पडतं. बाबा कापसाच्या मार्केटमधे हमाल आहेत. आई आठवडी बाजारात लसूण, अद्रक आणि सांभार विकते. सांभार म्हणजे कोथिंबीर. कॉलेजात पहिल्या वर्षी मी सांभार म्हणालो तेव्हा पुण्याकडून आलेल्या एका मुलाला वाटलं, आई इडलीचं हॉटेल चालवते. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

बाजाराच्या मैदानावर रेघा नाहीत, नंबर नाहीत. तरी ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. पाण्याच्या टाकीपासून कडुलिंबापर्यंत आमची ओळ. टाकीला लागून आलुबोंडेवाला, मग वाळल्या मिरच्या, मग आई, आणि झाडाखाली, अगदी बुंध्याला टेकून, दोरवाले काकाजी. झाडाला त्यांनी एक मोठा खिळा ठोकला होता. त्यात सुताचे पेड अडकवायचे, दुसऱ्या टोकाला लाकडी चरखी फिरवायची आणि बसल्याजागी दोर वळायचा. गिऱ्हाईक नसलं की ते तेच करत. कासरे, दावी, बैलाच्या नाकातल्या वेसणी. वळून झालेला माल त्याच खिळ्याला टांगलेला असे, आणि लांबून पाहणाऱ्याला झाडालाच दोर फुटल्यासारखे दिसत.

आईला ती जागा कशी मिळाली ते सांगायला हवं. मी तेव्हा शाळेत होतो. बाबा गाठींच्या थप्पीवरून घसरून पडले होते आणि कमरेने घरी बसले होते. आईने कोणाच्या तरी वाडीतून सांभाराची टोपली आणली आणि बाजारात गेली. जागा नव्हती, म्हणून टोपली कमरेवर घेऊन उभी राहिली. दुपारपर्यंत उभीच. उभ्या बाईकडून कोणी भाजी घेत नाही, हे तिला माहीत नव्हतं. शेवटी काकाजींनी हाक मारली.

"बाई, उभी काऊन राह्यली? बस इथं."

"तुमची जागा हाये, काकाजी."

"दोराले काय जागा लागते? लांब राह्यते तो, पन गुंडाळला का टोपलीएवढा. बस."

त्यांनी आपलं पोतं झाडाकडे ओढून घेतलं. अर्धी जागा मोकळी झाली. आई तिथे बसली ती अजून बसते आहे.

जागेबद्दल आमच्या बाजारात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. जागा तुमची असो, तुमच्या बापाची असो, सकाळी येऊन कोणी तिथे पाल मांडलं की तो दिवस त्याचा. ज्याने उठवलं त्याच्याशी मग ओळीत कोणी धड बोलत नाही. मी सातवीत असताना एकदा आईला पोचायला उशीर झाला. तिच्या जागेवर परगावचा एक कांदेवाला बसला होता. आई पुढे गेली आणि दिवसभर नालीच्या काठाला बसली. मला राग आला होता.

"सांग ना त्याले, जागा आपली हाये म्हनून," मी म्हणालो.

"सांगू नाई बापू. सांगतलं का त्याले उठा लागते. मानूस एकदा बसला म्हनजे त्याच्या अंगात बाजार येते. उठवलं तं दिवसभर त्याचं मन लागत नाई."

पुढच्या बाजाराला त्या कांदेवाल्याला कोणीतरी सांगितलं असावं. तो आला, आईसमोर उभा राहिला, पुढे पातीच्या कांद्याची एक जुडी ठेवली आणि लांब जाऊन बसला. आईने ती जुडी काकाजींबरोबर वाटून घेतली.

गैरहजर माणसाची जागा राखायची तीही एक पद्धत होती. शेजाऱ्याने तिथे पोतं अंथरायचं आणि वर गोटा ठेवायचा. गोटा दिसला की लोक पुढे जात.

काकाजी उंच होते. कानांवर केस, पांढरा पायजमा, आणि बोलताना ते माणसाकडे न पाहता हातातल्या सुताकडे पाहत. गिऱ्हाइकाने विचारावं, "काकाजी, तुटन तं नाई?" आणि त्यांनी म्हणावं, "बैल तुटंन." मग दोराचं एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, दुसरं आपल्या, आणि "वढ" म्हणायचं. भर बाजारात दोन म्हातारे एकमेकांना ओढताहेत हे दृश्य आम्हाला नेहमीचं होतं. आलुबोंडेवाला झाऱ्याने तेल ढवळत तिकडून ओरडायचा.

"काकाजी, माह्या बायकोले बांधाले काही हाये का मजबूत?"

"तिच्यासाठी नाई. तुह्यासाठी हाये. वेसण घेऊन जाय."

मिरच्यावाली पदरात तोंड घालून हसायची. हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की तो कोणत्या वर्षीचा, ते सांगता येणार नाही.

दुकानात नायलॉनचे दोर आले, बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी वेगळं काय लिहिणार. काकाजींचा माल एरवी थोडाच खपायचा. पण पोळ्याच्या आधीचा बाजार त्यांचा होता. पोळ्याला बैलाच्या गळ्यात नवं सुताचं दावं लागतंच. ज्यांच्याकडे बैल उरले नव्हते तेही यायचे, कारण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि पोरांच्या लाकडी बैलाला बोटभर वेसण हवी असायची. त्या काकाजी आधीच वळून ठेवत आणि फुकट देत. मलाही दिली होती. माझा बैल लाकडाचा नव्हता, मातीचा होता. त्याच्या नाकात भोकच नव्हतं. काकाजींनी ती त्याच्या शिंगांना गुंडाळली आणि म्हणाले, "हा मारका हाये, याले असंच बांधा लागते."

मागच्या वर्षी, पाऊस लागायच्या आधी, त्यांच्या उजव्या हातातून चरखी सुटायला लागली. आईने पाहिलं. एकदा सुटली, त्यांनी उचलली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली नाही, तिच्याकडे नुसते बघत बसले. पुढच्या बाजाराला आले ते उभ्या-उभ्याच. उरलेल्या दोरांचा भारा त्यांनी आईच्या टोपलीमागे ठेवला.

"सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवाले जातो, बाई. पोरगा घेऊन चालला. हे राहू दे तुह्याजवळ."

"राहू द्या. कधी येता?"

"पोळ्याच्या बाजाराले येतोच. त्याच्यात चूक नाई." मग झाडाकडे, खिळ्याकडे बघून म्हणाले, "जागा पाहजो."

"जागेचं मले सांगता का, काकाजी? तुमी फकत या."

मी तेव्हा तिथेच होतो, सुट्टी होती. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. ते गेले. चालताना उजवा हात डाव्या हातात धरला होता, दुसऱ्याचं सामान सांभाळावं तसा.

आईने पोतं अंथरलं, गोटा ठेवला. काही बाजार तसे गेले. मग ठेकेदाराचा माणूस आला. बाजाराची वसुली ठेक्याने दिलेली असते. हा पोरगा नवीन होता, गळ्यात बॅग, हातात पावतीपुस्तक.

"मावशी, हे रिकामी जागा कोनाची?"

"काकाजीची."

"कोन काकाजी?"

"दोरवाले."

"कुठी हायेत?"

"येतेत पोळ्याले."

"मोबाइलच्या कव्हरवाला मांगून राह्यला ही जागा. मले गोट्याची पावती फाडता येत नाई, मावशी. मानूस बसवा. नाई तं पुढच्या बाजाराले देऊन टाकतो."

आई त्या दिवशी घरी आली आणि टोपली न उतरवता बाबांसमोर उभी राहिली. पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, कापसाचं मार्केट रिकामं असतं, हमालांना काम नसतं. बाबा त्या महिन्यांत खाटेवर पडून पंख्याकडे बघतात. पंखा बंद असला तरी बघतात.

"तुमी चला बाजारात," आई म्हणाली.

"मी? मले काय इकता येते?"

"इकू नका. बसा."

बाबांनी आयुष्यभर ओझी उचलली. ती उचलली की कुठेतरी न्यायची आणि ठेवायची असतात. काही न उचलता एका जागी दिवसभर बसणं त्यांना अवघड गेलं. पहिल्या दिवशी ते बस यायची आहे तसे बसले होते, उकिडवे, उठायच्या तयारीत. दोरांचा भारा समोर ठेवला होता. एक गिऱ्हाईक थांबलं.

"कासरा कसा दिला?"

"मालक नाई," बाबा म्हणाले.

"मंग तुमी कोन?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई सांभाराची जुडी बांधत होती, तिने पाहिलं नाही. गिऱ्हाईक पुढे गेलं. आलुबोंडेवाल्याने हे पाहिलंच होतं.

"भाऊ, तुमी दोर इकाले बसले का पहारा कराले?"

"पहारा," बाबा म्हणाले.

सगळी ओळ हसली. बाबा खरं बोलले होते, म्हणून ते हसले नाहीत.

हळूहळू त्यांना सवय झाली. मांडी घालून बसायला लागले. किंमत आईला विचारून सांगायला लागले. एखादं दावं विकलं गेलं की पैसे आईच्या बटव्याच्या वेगळ्या कप्प्यात जायचे, काकाजींचे म्हणून. पावतीवाला पोरगा दोन पावत्या फाडायचा आणि बाबांना "काय काकाजी, बरा हाये का धंदा?" म्हणायचा. त्याच्या हिशेबी तेच दोरवाले काकाजी होते. बाबांनी त्याला सुधारलं नाही. आमच्याकडे कोणी कोणाला फारसं सुधारत नाही.

पोळ्याचा बाजार आला. मी सकाळच्या गाडीने वर्ध्याहून आलो. मैदान भरलं होतं. झुली, घुंगरं, रंगाच्या पुड्या, लाकडी बैलांच्या रांगा. आईने बाबांना धुतलेला शर्ट घालायला लावला होता. भाऱ्यातले सगळे दोर सोडून तिने खिळ्याला टांगले होते, लांब ते मागे, आखूड ते पुढे, काकाजी टांगायचे तसेच. चरखीही भाऱ्यात होती, ती बुंध्याला टेकवून ठेवली होती.

"एवढं काऊन करून राह्यली?" बाबांनी विचारलं.

"ते येतीन ना आज. त्याईले आपली जागा जशीच्या तशी दिसली पायजे."

त्या दिवशी बाबांपुढे गर्दी झाली. लोकांना सुताचे दोर हवेच होते, आणि त्या झाडाखाली ते मिळतात हे त्यांच्या पायांना माहीत होतं. बाबा उभे राहून विकत होते. एका शेतकऱ्याने दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि "वढून पाहा" म्हणाला. बाबांनी ओढलं. हमालाचा हात, शेतकरी पुढे आला. ओळीतले लोक ओरडले. बाबा हसले. मी त्यांना बाजारात हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आई मात्र गिऱ्हाइकाला लसूण मोजून देताना मधेच मैदानाच्या टोकाकडे बघायची. तिकडे खेड्यांवरून येणारे टेम्पो थांबतात. नदीपलीकडच्या गावांचा टेम्पो पिवळा होता, काकाजी त्यानेच यायचे. तो आला आहे हे मी जाऊन पाहून आलो. टेम्पो उभा होता, ड्रायव्हर कुठेतरी चहाला गेला होता. मी आईला येऊन सांगितलं, टेम्पो आला, काकाजी दिसत नाहीत.

"गर्दीत अडकले असतीन," आई म्हणाली.

तिने आलुबोंडेवाल्याकडून दोन आलुबोंडे कागदात बांधून घेतले होते, काकाजींसाठी. दुपारी ते गार झाले. संध्याकाळी आईने तो कागद माझ्या हातात दिला आणि मी खाल्ले. खाताना मला काही वाटलं नाही. भूक लागली होती.

दोर जवळजवळ संपले होते. उरलेले आईने गुंडाळले.

"पानी असन तिकडं. रस्ता बंद असन," ती म्हणाली.

"टेम्पो आला तं रस्ता कसा बंद असन?" बाबा म्हणाले. मग त्यांनाच वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. त्यांनी भारा उचलला आणि पुढे चालायला लागले.

पोळा होऊन गेल्यावर आईने मला सेवाग्रामला पाठवलं. "तू तं कालेजात जातं. इचारून ये, दोरवाले काकाजी हायेत का तिथं, कसे हायेत." मी कॉलेज सुटल्यावर गेलो. दवाखाना केवढा मोठा आहे ते तिकडच्या सगळ्यांना माहीत आहे. चौकशीच्या खिडकीशी रांग होती. माझा नंबर आला. आतल्या बाई चांगल्या बोलल्या.

"पेशंटचं नाव?"

मी तिथे उभा राहिलो.

लहानपणापासून मी त्यांच्याजवळ खेळलो होतो. त्यांच्या कानांवरचे केस, त्यांच्या पिशवीचा रंग, चहात ते साखर किती घेत, हे मला माहीत होतं. बाजारात आम्ही एकमेकांना मालावरून ओळखतो. लसूणवाली, मिरच्यावाली, दोरवाले. त्यापुढे कधी जावंच लागलं नव्हतं.

"आडनाव सांगा. गाव सांगा."

"नदीपलीकडचे आहेत," मी म्हणालो. "दोर विकतात."

बाईंनी पेन हातात धरून ठेवला होता. माझ्यामागे माणसं होती. "बाजूला व्हा थोडे," त्या म्हणाल्या, "आठवलं की सांगा." मी बाजूला झालो. आठवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बराच वेळ तिथे उभा होतो, आठवतो आहे असं दाखवत. मग नळावर पाणी प्यालो आणि ऑटोत बसलो.

घरी येऊन सांगितलं, "नाव पाहिजे म्हणतात."

आईने लसणाची टोपली बाजूला सारली. "नाव तं असनच त्याईचं," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला तिने ओळीत विचारलं. मिरच्यावालीला माहीत नव्हतं. आलुबोंडेवाला म्हणाला, "काकाजी म्हनून हाक मारली का ओ देते, मंग नाव कायले पायजे होतं आपल्याले?" पिवळा टेम्पो त्या दिवशी आला नाही. त्याच्या ड्रायव्हरने पोळा होताच गाडी विकली, असं कळलं. मग जी गाडी यायला लागली तिचा ड्रायव्हर नवा होता, तो दोरवाल्यांना ओळखत नव्हता. नदीपलीकडे गावं पुष्कळ आहेत.

"येतीन," आई म्हणाली. "जागा हाये तं येतीनच."

दिवाळीनंतर कापूस आला, बाबा मार्केटमधे परत गेले. गाठी, थप्प्या, ट्रक. आईने मग दोन्ही जागांवर एकच मोठं पोतं अंथरायला सुरुवात केली. इकडे लसूण-अद्रक, तिकडे काही नाही, फक्त गुंडाळलेले उरलेले दोर आणि चरखी. ती दोन्ही पावत्या घेत राहिली. आलुबोंडेवाला चिडवायचा, "बाई, तुमी तं प्लॉट पाडून राह्यल्या इथं." पण कोणी त्या रिकाम्या बाजूला चुकूनही पाय ठेवत नसे. गिऱ्हाईक तिकडून आलं तर मिरच्यावाली म्हणायची, "भाऊ, इकडून या, तिकडं काकाजी बसतेत."

उन्हाळा गेला. पाऊस लागला, बाबा पुन्हा खाटेवर आले. या वर्षीचा पोळ्याचा बाजार आला तेव्हा आईने उरलेले चार-सहा दोर पुन्हा खिळ्याला टांगले आणि बाबांना पुन्हा धुतलेला शर्ट दिला. दोर थोडे होते, झाड रिकामं दिसत होतं. बाबांनी काही विचारलं नाही. आईही मैदानाच्या टोकाकडे फार वेळा पाहत नव्हती. संध्याकाळी तिने दोर सोडले, गुंडाळले, घरी आली, स्वयंपाक केला. पुढच्या बाजाराला पोतं पुन्हा दोन्ही जागांवर होतं. अजूनही असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वर्धा स्टेशनबाहेर ई-रिक्षात बसलो. कॉलेजला जायचं होतं. ड्रायव्हर आरशातून सारखा बघत होता.

"तू लसूनवाल्या बाईचा पोट्टा ना बे?"

मी हो म्हणालो. मग मी त्याला ओळखलं. पिवळ्या टेम्पोचा ड्रायव्हर.

"टेम्पो इकून टाकला म्या. डिझेल पुरत नाई. हे बरं हाये, रात्री लावलं चार्जिंगले का झालं." मग त्याने बाजाराची चौकशी केली, आलुबोंडेवाल्याची केली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "दोरवाला बुढा गेला, मालूम हाये ना?"

"नाही," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात गेला. रातच्याला जेवला, झोपला. सकाळी उठलाच नाई. बरं झालं, हाल नाई झाले."

मी मान हलवली. दवाखान्याच्या खिडकीशी बाजूला उभा होतो तेव्हा जसं झालं होतं तसंच झालं, म्हणजे काहीच झालं नाही. कॉलेजचा रस्ता सरळ चालला होता. आईला घरी जाऊन सांगायचं आहे, एवढं मनात आलं. काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मागच्या वर्षी पोळ्याला येतो म्हणाले होते. तेव्हाच जास्त होतं वाटतं. येऊ शकले नाहीत."

ड्रायव्हरने रिक्षा कडेला घेतली आणि मागे वळला.

"आलते ना! मीच आनलतं. हात चांगला झालता त्याईचा. नवा भारा घेऊन आलते, एवढा मोठा, टपावर बांधला होता म्या. मले म्हने, तू ठेव बांधून, मी जागा पाहून येतो. गेले. म्या चहा पेलो, येऊन पाहतो तं बुढा गाडीत बसून, पुढच्या शिटावर. म्या म्हटलं, काकाजी, काऊन? भारा सोडू ना? तं म्हने, राहू दे. बाईचा मालक बसला हाये तिथं. झाडाले दोर टांगले, चांगलं गिऱ्हाईक हाये त्याच्यापुढं, हसून राह्यला, म्हने. त्याईले लागत असन जागा. म्या म्हटलं, अहो पन जाऊन भेटा तरी, बाईले सांगा तरी आलो म्हनून."

"मग?"

"मंग काय. म्हने, सांगतलं का तो उठंन."